चार संगणक, चाळीस मुलं: विज्ञानाच्या तासाला स्टेशनं कशी लावायची

वर्गात संगणक मोजकेच असले की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एका पडद्याभोवती दहा मुलं दाटीवाटीनं उभी राहतात. माउस एकाच्या हातात, दोघं बाजूनं सूचना देतात आणि मागच्या सातांना काही दिसतच नाही. नाहीतर ज्यांचं काम लवकर उरकतं त्यांना संगणक मिळतो. मग ज्या मुलाला पडद्यावर प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघायची खरी गरज आहे, त्याची पाळी वर्षभर येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे अध्ययन कोपरे, ज्यांना आपण सर्रास स्टेशन म्हणतो. वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक टेबलावर वेगळं काम ठेवायचं आणि गट फिरते ठेवायचे. संगणक हे त्यातलं एक टेबल. ऐकायला सोपं आहे, पण तयारीचा क्रम चुकला की गोंधळ होतो आणि दुसऱ्यांदा करून बघायची हिंमत राहत नाही. म्हणून इथे एकच धडा शेवटपर्यंत धरला आहे: लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एकदा झुलून परत यायला लागणारा वेळ, कशावर अवलंबून असतो? मुलं ४०, संगणक ४, आणि ४० मिनिटांचे सलग दोन तास. आकडे तुमच्या वर्गाप्रमाणे बदला, क्रम बदलू नका.

## १. आधी प्रश्न, मग संगणक

"संगणकावर काय दाखवता येईल?" इथून सुरुवात केली की हमखास एखादा व्हिडिओ हाती लागतो, आणि व्हिडिओ बघायला स्टेशन लावायची गरज नसते. सुरुवात प्रश्नापासून करा. मग त्या प्रश्नाचा कोणता भाग टेबलावर हातानं करता येतो आणि कोणता येत नाही, ते कागदावर दोन रकान्यांत लिहा.

लंबकाच्या बाबतीत लांबी, वस्तुमान आणि कोन बदलणं हातानं जमतं. तिथे दोरा, गोळा आणि स्टॉपवॉचच हवं. ते काम पडद्यावर नेलंत तर मुलांच्या हातून मोजमापाची सवय काढून घेतलीत असं समजा. गुरुत्व बदलणं मात्र वर्गात शक्य नाही. तेवढाच भाग संगणकाला द्या. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट प्रकल्पात लंबकाचं मोफत सिम्युलेशन आहे. त्यात पृथ्वी, चंद्र, गुरू आणि गुरुत्व माहीत नसलेला एक ग्रह निवडता येतो, शिवाय स्टॉपवॉचही आहे.

तपासा: संगणकावरचं काम एका वाक्यात लिहा. "मुलं सिम्युलेशन बघतील" हे काम झालं नाही. "१ मीटर लांबीच्या लंबकाची १० दोलनं पृथ्वी, चंद्र आणि गुरूवर मोजून तिन्ही वेळा नोंदवतील" हे काम झालं.

## २. स्टेशनं किती, याचा हिशोब

इथे बहुतेकजण उलटा हिशोब करतात. पाच गट पाडतात आणि मग संगणकापुढे किती जण बसतील ते बघतात. गटाचा आकार संगणकांच्या संख्येवरून काढायचा असतो.

एका संगणकावर दोन मुलं, फार तर तीन. तिसरा बसला की तो नोंद घेणारा असतो, चौथा बसला की तो प्रेक्षक असतो. ४ संगणक गुणिले २ म्हणजे ८ जणांचा गट. ४० भागिले ८ म्हणजे ५ स्टेशनं.

८० मिनिटांची वाटणी अशी:

- सुरुवात आणि सूचना: ८ मिनिटं
- ५ फेऱ्या, प्रत्येकी १२ मिनिटं: ६० मिनिटं
- मधली ४ स्थलांतरं, प्रत्येकी दीड मिनिट: ६ मिनिटं
- समारोप: ६ मिनिटं

सलग दोन तास मिळत नसतील तर एका तासात दोनच फेऱ्या घ्या: ५ मिनिटं सुरुवात, १३ मिनिटांची एक फेरी, २ मिनिटं स्थलांतर, पुन्हा १३ मिनिटं, ५ मिनिटं समारोप. दोन मिनिटं हाताशी उरतात आणि ती लागतातच. पाच स्टेशनं तीन तासांत पूर्ण होतात. कोणत्या गटाचं कोणतं स्टेशन झालं याचा तक्ता भिंतीवर लावा, नाहीतर पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं वादात जातात.

सावधान: वेळ कमी पडतोय म्हणून फेरी १२ वरून ८ मिनिटांवर आणू नका. बसण्यात एक, वाचण्यात दोन आणि लिहिण्यात दोन मिनिटं जातात. कामाला तीनच उरतात. त्यापेक्षा एक स्टेशन कमी करून ते काम घरी द्या. गट मोठे होतील आणि संगणकावर काही ठिकाणी तिघं बसतील, ते चालेल.

## ३. प्रत्येक स्टेशन स्वतःच्या पायावर उभं हवं

स्टेशन पद्धत फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते आयत्या वेळी लक्षात येतं. पाच गट पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करतात. म्हणजे पाचपैकी चार गट तुमच्या डोक्यातल्या क्रमाच्या मधूनच घुसतात. "पहिल्या टेबलावर लांबी बदलून मोजा, दुसऱ्या टेबलावर त्याच आकड्यांचा आलेख काढा" अशी रचना केलीत, तर आलेखाच्या टेबलावर सुरुवात करणाऱ्या गटाकडे आकडेच नसतात. ती मुलं बारा मिनिटं पेन्सिली टोकरत बसतात.

म्हणून नियम असा: कोणतंही स्टेशन पहिलं असलं तरी काम झालं पाहिजे. लंबकाच्या धड्याची पाच स्टेशनं या नियमात अशी बसतात.

स्टेशन अ: लांबी. चार जोड्या, चार स्टँड. प्रत्येक जोडीला एकच लांबी: २५, ५०, ७५ किंवा १०० सेंमी. गोळा सगळ्यांचा सारखा, कोन १० अंशांपेक्षा कमी. १० दोलनांचा वेळ तीनदा मोजायचा. अपेक्षित उत्तरं तुमच्या वहीत असू द्या: साधारण १०.०, १४.२, १७.४ आणि २०.१ सेकंद. चार जोड्यांचे आकडे एकत्र आले की गटाचा तक्ता पूर्ण होतो. एका जोडीला चारही लांब्या करायला लावल्या तर बारा मिनिटांत जमत नाही.

स्टेशन आ: वस्तुमान आणि कोन. लांबी सगळ्यांची ५० सेंमी. तीन जोड्यांना ५०, १०० आणि २०० ग्रॅमची वजनं, चौथीला एकच वजन पण कोन १०, ३० आणि ६० अंश.

स्टेशन इ: संगणक. वर सांगितलेलं काम.

स्टेशन ई: आलेख. आकडे तुम्ही छापून द्यायचे. मुलांनी आलेख कागदावर लांबी आणि दोलनकाल मांडायचा. वरच्या वर्गांना दोलनकालाचा वर्गही मांडायला सांगा. पहिला आलेख वक्र येतो, दुसरा सरळ रेषेत.

स्टेशन उ: चूक शोधा. कार्डावर तीन काल्पनिक मुलांनी प्रयोग कसा केला ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येकात एक चूक असते. एकानं लांबी गोळ्याच्या तळापर्यंत मोजली, दुसऱ्यानं एकाच दोलनाचा वेळ घेतला, तिसऱ्यानं लांबी आणि वजन दोन्ही एकाच वेळी बदललं. चूक कोणती आणि तिच्यामुळे उत्तर कुठे सरकेल, हे लिहायचं. या टेबलाला साहित्य लागत नाही, आवाज होत नाही, आणि इथून पुढे अ किंवा आ वर गेलेला गट मोजमाप जास्त जपून करतो.

"शिक्षकांसोबत चर्चा" हे स्टेशन मुद्दामच ठेवलेलं नाही. पुस्तकी मांडणीत ते छान दिसतं. पण पहिल्या काही खेपांना तुम्ही एका टेबलाशी अडकलात की बाकीची चार टेबलं वाऱ्यावर जातात. मुलांना फिरण्याची सवय झाली की मग ते सुरू करा.

तपासा: पाचही कार्डं गंजिफ्यासारखी पिसा आणि कोणतंही एक उचला. बाकीची चार न बघता ते काम करता येतंय का?

## ४. संगणक आदल्या दिवशी तयार ठेवा

तासाच्या सुरुवातीला संगणक चालू करणं म्हणजे पहिली फेरी गमावणं. पुढची कामं आदल्या दिवशी, याच क्रमानं करा.

१. चारही संगणक चालू करून सगळे बाकी असलेले अपडेट होऊ द्या आणि एकदा पुन्हा चालू करा. हे टाळलं की नेमकं तिसऱ्या फेरीत "बंद करू नका" असा संदेश येतो.

२. तारीख आणि वेळ बघा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळं उघडतच नाहीत, ब्राउझर इशारा दाखवतो आणि आपण इंटरनेटला दोष देत बसतो. तारीख दुरुस्त केली की संकेतस्थळं उघडतात.

३. सिम्युलेशनची फाइल उतरवून चारही संगणकांच्या डेस्कटॉपवर ठेवा. फेटची एचटीएमएल प्रकारातली सिम्युलेशन अशी उतरवून घेता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात.

४. इंटरनेट खरोखर बंद करा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा, आणि मग फाइल उघडून बघा. नेट चालू ठेवून केलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

५. डेस्कटॉपवरच्या बाकीच्या गोष्टी एका फोल्डरमध्ये टाका. समोर एकच चिन्ह दिसलं पाहिजे.

६. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. पासवर्ड विचारणारा लॉक तासापुरता काढा किंवा मुलांसाठी वेगळं खातं करा.

७. लॅपटॉप असतील तर पूर्ण चार्ज करा आणि चार्जरही टेबलावर ठेवा.

८. आवाज बंद. या धड्यात आवाजाचं काम नाही. दुसऱ्या एखाद्या धड्यात लागलाच तर प्रत्येक संगणकाला दोन हेडफोन जोडता येतील असा दुहेरी जॅक हवा.

संगणकाचं बदली कार्ड तयार केल्याशिवाय ही तयारी संपत नाही. सिम्युलेशनच्या तीन चौकटी छापून घ्या, पृथ्वी, चंद्र आणि गुरू, प्रत्येकीत स्टॉपवॉचवरचा आकडा दिसेल अशा. वीज गेली किंवा दोन संगणक एकदम रुसले तर त्याच टेबलावर, त्याच प्रश्नावर, कागदावरून काम चालू राहतं. हे कार्ड नसेल तर तो गट उठून दुसऱ्या टेबलाकडे वळतो आणि सगळी फेरी कोलमडते.

तपासा: १ मीटर लंबकाच्या १० दोलनांना पृथ्वीवर सुमारे २०.१, चंद्रावर ४९.४ आणि गुरूवर १२.६ सेकंद लागतात. चारही संगणकांवर स्वतः एकेक करून बघा. एका संगणकावर वेगळं उत्तर आलं तर तिथे घर्षण चालू राहिलंय का, लांबी बदललीय का ते बघा.

## ५. टेबलांची मांडणी

संगणक भिंतीला पाठ करून ठेवा, म्हणजे सगळे पडदे वर्गाच्या मधूनच दिसतात आणि वायर मुलांच्या पायात येत नाही. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी.

एक्स्टेंशन बोर्डला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडू नका. वायर ओलांडून जावीच लागत असेल तर तिच्यावर रुंद चिकटपट्टी सलग मारा. चार तुकडे मारलेत तर पाय अडकतोच. लंबकाची टेबलं संगणकापासून किमान दोन मीटर लांब ठेवा. ६० अंशांवरून सोडलेलं २०० ग्रॅमचं वजन दोऱ्यातून निसटलं तर ते कुठे जाईल, याचा विचार आधी करा. दुसऱ्या कोणत्या धड्यात पाण्याचं स्टेशन असेल तर ते विरुद्ध कोपऱ्यात.

## ६. कामाचं कार्ड आणि नोंदपत्रक

मुलं सूचना ऐकून विसरतात. आठ मिनिटांत पाच टेबलांच्या सूचना तोंडी सांगितल्या तर पाचव्या फेरीपर्यंत त्यातलं काही उरत नाही. म्हणून सगळं कार्डावर हवं, आणि कार्ड लहान हवं: अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात सहा ओळी, प्रत्येक ओळीत एकच कृती. संगणकाच्या स्टेशनचं कार्ड असं:

१. कळफलकाला हात लावण्याआधी अंदाज लिहा: चंद्रावर लंबक पृथ्वीपेक्षा हळू झुलेल, वेगानं झुलेल की सारखाच?
२. लांबी १.०० मीटर करा. घर्षण शून्य. लंबक १० अंशांवरून सोडा.
३. पृथ्वी: १० दोलनांचा वेळ स्टॉपवॉचनं मोजा. नोंदवा.
४. जागा बदला. चंद्र आणि गुरूसाठी तेच करा. चंद्रापासून माउस दुसऱ्याच्या हातात.
५. तुमचा अंदाज आणि उत्तर जुळलं का? एका वाक्यात कारण लिहा.
६. उजवीकडे खाली असलेलं नारिंगी गोल बटण दाबा. खुर्च्या आत करा.

पहिली ओळ वगळायचा मोह होतो. ती वगळली की मुलं लगेच चंद्र, गुरू, पुन्हा चंद्र अशी बटणं दाबत बसतात आणि बारा मिनिटांनी त्यांच्या हातात गंमत असते, उत्तर नसतं. अंदाज पेनानं लिहिलेला असला, म्हणजे खोडता येत नसला, की पडद्यावर घडणाऱ्या गोष्टीशी मुलाचं काहीतरी देणंघेणं तयार होतं.

सहावी ओळही तितकीच महत्त्वाची आहे. बटण दाबायचं राहिलं तर पुढचा गट आधीच्या गटाच्या गुरूवरच बसतो. त्यांना वाटतं आपण पृथ्वीवर आहोत, १ मीटरच्या लंबकाला १२.६ सेकंद येतात, आणि ते शेजारच्या जोडीशी भांडतात.

वाटण्याचे नियम दोन. माउस ज्याच्या हातात, पेन त्याच्या हातात नाही. आणि अर्ध्या वेळेला अदलाबदल. घंटा तुम्ही वाजवा. हे मुलांवर सोडलं तर ज्याला माउसची सवय आहे तोच बाराही मिनिटं माउस धरतो, आणि लाजरं मूल शेजारी बसून "हो, बरोबर" म्हणत राहतं.

नोंदपत्रक पाचही स्टेशनांसाठी मिळून एकच पान, दोन्ही बाजूंना छापलेलं. प्रत्येक स्टेशनसाठी चौकट आधीच आखलेली, एकक छापलेलं. रिकामी वही दिली तर रकाने आखण्यातच चार मिनिटं जातात.

तपासा: प्रत्येक कार्डाचं काम घड्याळ लावून स्वतः करा. तुम्हाला ४ मिनिटं लागली तर मुलांना १० ते १२ लागतील असं धरा. तुम्हाला ६ लागली तर कार्डातून एक ओळ काढा.

## ७. पहिली आठ मिनिटं

या वेळेत धडा शिकवायचा नाही. तीनच गोष्टी करा.

पहिली, मोजायची पद्धत सगळ्यांसमोर एकदा दाखवा. लंबक सोडताना "शून्य" म्हणायचं, परत येईल तेव्हा "एक". सोडतानाच "एक" म्हटलं तर दहाच्या आकड्याला प्रत्यक्षात नऊच दोलनं झालेली असतात. हे दोनदा दाखवा, एकदा मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. धड्यातली सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं इथूनच येतात.

दुसरी, मदत मागायची रीत. प्रत्येक टेबलावर एक लाल आणि एक हिरवा पेला एकावर एक ठेवा. हिरवा वर म्हणजे काम चालू, लाल वर म्हणजे अडलंय. लाल वर करण्याआधी कार्ड पुन्हा वाचायचं आणि गटातल्या एकाला विचारायचं. हात वर करून बसलेलं मूल काम थांबवतं. पेला उलटा करून बसलेलं मूल पुढची ओळ वाचू शकतं.

तिसरी, फिरण्याची दिशा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, पुढचं टेबल. घंटा झाली की आधी साहित्य जागेवर, मग उभं राहायचं, दुसऱ्या घंटेला चालायचं. एकदा कोरडी फेरी करून बघा, म्हणजे नुसतं उठून पुढच्या टेबलावर जाऊन परत यायचं. त्यात दीड मिनिट जातं आणि पुढे पाच वाचतात.

## ८. फेऱ्या चालू असताना तुम्ही कुठे असायचं

ओढ संगणकाकडे असते, कारण "सर, हे चालत नाही" किंवा "बाई, पुढे काय करू" हे आवाज तिथूनच येतात. पण आदल्या दिवशीची तयारी नीट झाली असेल तर तिथे तुमची फारशी गरज नाही. तुम्ही अ आणि आ या टेबलांच्या मध्ये उभं राहा. पडद्यावर मोजमाप चुकलं तर एक बटण दाबून पुन्हा करता येतं. दोऱ्यावर चुकलं तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

तिथे काय बघायचं:

लांबी कुठपर्यंत मोजली? टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. स्टेशन आ वर हे विशेष जपा. २०० ग्रॅमचं वजन ५० ग्रॅमपेक्षा उंच असतं, त्यामुळे दोरा तेवढाच ठेवला तर त्याचा मध्य खाली जातो आणि लंबकाची लांबी नकळत वाढते. मध्य २ सेंमी खाली गेला तर १० दोलनांना १४.२ ऐवजी १४.५ सेकंद येतात, आणि मुलं प्रामाणिकपणे लिहितात: "वजन वाढलं की दोलनकाल वाढतो." त्यांचा तर्क बरोबर आहे, लांबी चुकलेली आहे. प्रत्येक वजनाच्या मध्यावर खडूची खूण आधीच करून ठेवा आणि ५० सेंमी त्या खुणेपर्यंत घ्यायला लावा.

कोन. ३० अंशांवर १० दोलनांचा वेळ सुमारे १४.४ सेकंद येतो. हातानं स्टॉपवॉच दाबण्यातली चूकही पाव सेकंदाच्या आसपास असते, त्यामुळे तिथे फरक कळत नाही. ६० अंशांवर सुमारे १५ सेकंद येतात आणि फरक स्पष्ट दिसतो. कोन बदलून काहीच होत नाही, असं लिहून मुलांना पुढे जाऊ देऊ नका.

स्टँड हलतोय का? हलत असेल तर त्याच्या पायावर वजन ठेवा. गोळा गोल फिरतोय का? ढकलून सोडल्यामुळे तसं होतं; पुन्हा, नुसता हात काढून घ्यायचा.

एक संगणक बंद पडला तर दुरुस्त करत बसू नका. आठ मुलं उरलेल्या तीन संगणकांवर ३, ३, २ अशी बसवा. दोन बंद पडले तर बदली कार्ड काढा.

सावधान: एखादा गट लवकर उरकला तर त्याला पुढच्या टेबलावर पाठवू नका, तिथला गट उठलेला नसतो. संगणकाच्या कार्डाच्या मागे जादा प्रश्न छापा: गुरुत्व माहीत नसलेल्या ग्रहावर १० दोलनं मोजा, तिथलं गुरुत्व पृथ्वीपेक्षा जास्त की कमी? वरच्या वर्गांनी सूत्र वापरून किंमत काढावी.

## ९. समारोप: आकडे एकत्र आणा

वेळ संपत आला म्हणून समारोप गाळू नका. पाच टेबलांवर केलेल्या पाच वेगळ्या गोष्टी इथेच एका प्रश्नाला जोडल्या जातात.

फळ्यावर किंवा एका संगणकावरच्या तक्त्यात स्टेशन अ चे आकडे फेऱ्या चालू असतानाच भरत जा. टेबल सोडताना गटातल्या एकानं येऊन चार आकडे लिहायचे. शेवटी प्रत्येक लांबीसाठी पाच गटांचे पाच आकडे समोर असतात. समजा २५ सेंमीच्या ओळीत १०.०, १०.१, ९.०, १०.२ आणि १०.१ असे आकडे आले. सरासरी काढण्याआधी विचारा: यातला कोणता आकडा वेगळा दिसतोय, आणि तो असा का आला असेल? कुणीतरी म्हणतंच, "त्यांनी एकपासून मोजलं." हे मुलांच्या तोंडून आलं पाहिजे, आणि ज्या जोडीचा आकडा आहे तिला कमीपणा न वाटू देता. मग त्या जोडीला पुन्हा मोजू द्या. आकडा नुसता खोडू नका.

मग तीन प्रश्न, तीन उत्तरं: लांबी बदलली तर? वजन बदललं तर? गुरुत्व बदललं तर? तिसऱ्याचं उत्तर संगणकाच्या स्टेशनवरून येतं.

तक्ता संगणकावर भरत असाल तर दोन अडचणी नक्की येतील. मुलं चौकटीत "१४.२ से" असं एककासह टाइप करतात, संगणक ते मजकूर समजतो आणि सरासरीत धरत नाही. देवनागरी कळफलक चालू राहिला तर नुसत्या अंकांचंही तसं होऊ शकतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: संख्या चौकटीत उजवीकडे सरकून बसते, मजकूर डावीकडे. डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तो पुन्हा टाइप करायला लावा.

## १०. तास संपल्यावर

प्रत्येक स्टेशनचं साहित्य, कार्ड आणि बदली कार्ड एकाच पिशवीत भरा आणि पिशवीवर साहित्याची यादी चिकटवा. कोणत्या टेबलाला वेळ पुरला नाही ते कार्डाच्या मागे तिथल्या तिथे लिहा. दोन दिवसांनी आठवत नाही. नोंदपत्रकं तपासताना संगणकाच्या स्टेशनची पाचवी ओळ सगळ्यात आधी वाचा. तिथे "जुळलं" एवढंच लिहिलेलं असेल तर कार्डाचा प्रश्न बदलायला हवा.

## संगणक एकच असेल तर

वरचा हिशोब एका संगणकाला लागू होत नाही: दोन-दोन मुलं म्हणजे वीस फेऱ्या. तेव्हा संगणक फेरीतून बाहेर काढा. चार स्टेशनं हातकामाची ठेवा, आणि संगणकावर जोड्यांनी आठवडाभर पाळीपाळीनं यायचं. वीस जोड्या, प्रत्येकी दहा मिनिटं, रोज चार जोड्या, पाच दिवस. कार्ड तेच, नोंदपत्रक तेच, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. अशा वेळी समारोप पाचव्या दिवशी घ्या आणि तोपर्यंत चंद्रावरचं उत्तर कुणी फोडणार नाही, एवढं मुलांकडून कबूल करून घ्या.

प्रोजेक्टर असेल तर दुसरा मार्ग आहे. सगळ्या वर्गाकडून अंदाज लिहून घ्या, हात वर करून मोजा, तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि मगच लंबक सोडा. मोजण्याचं काम मात्र मुलांनाच करू द्या: चाळीसही जण आपापल्या ठिकाणी "शून्य, एक, दोन" मोजतील, आणि स्टॉपवॉचचं बटण दर वेळी वेगळं मूल येऊन दाबेल.